रणगाड्याखालचा सॅपर

रामा राघोबा राणे हे नाव घेतलं की परमवीरचक्र आठवतं. ते सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले होते, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं. माझ्या मते त्यांची आठवण याच टोकाने धरायला हवी, कारण त्यांचं शौर्य त्यांच्या कामापासून वेगळं काढताच येत नाही.

एप्रिल १९४८, काश्मीरमधलं भारत-पाकिस्तान युद्ध. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या सैन्यापुढे रस्ता म्हणावा असा रस्ता उरला नव्हता. शत्रूने झाडं आडवी पाडली होती, मातीत सुरुंग पेरले होते. सुरुंग निघाल्याशिवाय रणगाडे हलणार नव्हते. ८ एप्रिलला राण्यांची तुकडी कामाला लागली न लागली तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत खुद्द राणे होते. जखम बांधून ते परत सुरुंगांपाशी आले.

पुढचा प्रसंग सावकाश डोळ्यांपुढे आणावा. रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत राणे सरपटताहेत. समोरची माती चाचपायची, सुरुंग लागला की हलक्या हाताने मोकळा करून बाजूला काढायचा, मग दोरीने चालकाला खूण करायची. रणगाडा थोडा पुढे सरकणार, त्याच्याबरोबर हेही. समोरून मशीनगनचा मारा चालूच. चालकाचा अंदाज चुकला तर पट्ट्याखाली, आपला हात चुकला तर सुरुंगावर.

शौर्य म्हटलं की आपल्या मनात पोवाड्यातला घोडा उधळतो, तलवार उपसली जाते. इथे त्यातलं काहीच नाही. काम चालू असताना सॅपरला उलट गोळी झाडता येत नाही. भीतीला वाट करून द्यायला आरोळीसुद्धा नाही. हात थरथरू द्यायचा नाही, एवढंच. राण्यांच्याच बॉम्बे सॅपर्स या दलाच्या प्रेमिंद्रसिंग भगतांनी १९४१ मध्ये ॲबिसिनियात चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तिथेही धीर होता तो बोटांचा.

आणि इंजिनिअर म्हणजे पदवीधर, हा आपला समज राण्यांनी खोटा पाडला. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा मुलगा. वडील पोलीस शिपाई, त्यांच्या बदल्यांमुळे शाळा धड झाली नाही. १९४० मध्ये साधा जवान म्हणून तो भरती झाला. ब्रह्मदेशातल्या आघाडीवर हात तयार झाला. अधिकारीपद मिळालं डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे नौशेराच्या आधी जेमतेम चार महिने. शिक्षणाची ही वाट आपल्याकडे फारशी मोजली जात नाही, याची मला खंत वाटते. कागदावर काही नसलेल्या या माणसाने झाडांचे अडथळे सुरुंग लावून उडवले, रस्ता संपला तिथे रणगाड्यांसाठी वळणवाट काढली. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

राणे १९९४ मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव मिळालं. हे झालं ते योग्यच. पण शाळेतल्या मुलांना राण्यांविषयी सांगायची वेळ आली, तर मी आधी त्या दोरीचं सांगेन. तिच्या एका टोकाला राणे, आणि दुसऱ्या टोकाला वर बसलेला चालक. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. दोरी ओढली गेली की तो थांबत होता, पुन्हा खूण झाली की निघत होता.