मकेबांचं गाणं

जीभ टाळूला चिकटवून झटकन सोडली की बाटलीचं बूच उघडल्यासारखा आवाज होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत हे चक्क एक व्यंजन आहे. तिथल्या गायिका मिरियम मकेबा गाता गाता ते इतक्या सहज उच्चारायच्या की ऐकणारा थक्क व्हायचा.

१९६० साली त्यांची आई वारली. मकेबा तेव्हा अमेरिकेत होत्या. परत निघाल्या, तर वर्णद्वेषी सरकारनं पासपोर्टच रद्द केलेला! आईचं अंत्यदर्शनही नशिबी आलं नाही. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे आपल्या माणसांचे हाल मांडले. मायदेशात त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी आली. गाणं मात्र सुरूच राहिलं. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले आणि १९९० मध्ये, ३१ वर्षांनी, त्या घरी परतल्या.

इथे कुणीही विसावलं असतं. मकेबा विसावल्या नाहीत. २००८ मध्ये इटलीतल्या कास्तेल व्होल्तुर्नोत माफियांनी ६ आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घातल्या. माफियांविरुद्ध लिहिणाऱ्या रोबेर्तो साव्हियानो या लेखकाच्या पाठीशी उभं राहायला ७६ वर्षांच्या मकेबा तिथे गायला गेल्या. गाऊन झालं आणि त्या कोसळल्या. त्याच रात्री त्यांनी जगाचा निरोप घेतला.