इथ्रोचा सल्ला आणि हातातला फोन

शास्त्रपाठ : निर्गम 18:1-27



निर्गमाच्या 18व्या अध्यायावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली असतील. मंडळीत नव्या सेवकांची नेमणूक व्हावयाची असली की हा अध्याय हमखास वाचला जातो. मोशे एकटाच लोकांचा न्याय करीत बसतो, त्याचा सासरा इथ्रो त्यास कामाची वाटणी करावयास शिकवतो आणि मोशेचा भार हलका होतो. मंडळीच्या कारभारास हा धडा उपयोगी आहेच. परंतु आज आपण तो आपल्या घरात बसून वाचू या. कारण ह्या अध्यायाचा आरंभ एका कुटुंबाच्या भेटीने होतो.

पहिल्या काही वचनांकडे लक्ष द्या. इथ्रो एकटा आलेला नाही. मोशेची पत्नी सिप्पोरा आणि गेर्षोम व अलियेजर हे दोघे पुत्र त्याच्याबरोबर आहेत. मोशेने पत्नीला माहेरी पाठवले होते. आता रानातील तळावर सारे कुटुंब पुन्हा एकत्र आले आहे. मोशे सासऱ्यास सामोरा जातो, क्षेमकुशल विचारतो, परमेश्वराने केलेली महत्कृत्ये सांगतो. यज्ञ होतो, भोजन होते. आणि दुसऱ्याच दिवशी काय घडते? मोशे सकाळी कामावर बसतो तो संध्याकाळपर्यंत उठत नाही! इथ्रोच्या मनात त्या वेळी आपल्या दोन नातवांचा विचार आला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण ज्या आजोबाने मुलांना इतक्या दुरून बापाकडे आणले, त्याच्या दृष्टीस दुसऱ्या दिवशी पडला तो हा बाप : लोकांच्या गर्दीत अडकलेला आणि दिवसभर घरच्यांना न मिळणारा.

ह्या बापात मला माझे रूप दिसते.

आम्ही भोपाळला राहतो. माझी पत्नी परिचारिका आहे. तिची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. माझी नोकरी घरापासून दूर. मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत, आणि वृद्ध आई सोलापुरास. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात रोज काही ना काही राहून जात असे. विजेचे बिल भरण्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकीत असे. शाळेने मागितलेला पुठ्ठा रात्री साडेनऊ वाजता आठवत असे. मुलाला डॉक्टरांकडे कोणी न्यावयाचे, यावरून आम्हा उभयतांत वाद होत. कारण तिची पाळी बदललेली मला ठाऊक नसे.

आज ह्यातील बराच भार स्मार्टफोनने उचलला आहे, हे मी कृतज्ञतेने सांगतो. 2016 साली युपीआय सुरू झाले आणि पुढे वीज, पाणी, शाळेची फी हे सारे घरबसल्या भरता येऊ लागले. गॅसचा सिलिंडर फोनवरून नोंदवता येतो, सोलापूरच्या गाडीचे तिकीट फोनवरच निघते. आम्हा दोघांच्या फोनमध्ये एकच दिनदर्शिका आहे. पत्नीने आपली पाळी तिच्यात नोंदवली की ती मला लगेच दिसते. कामांची यादीही एकच : एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे, काम झाले की पुढे खूण करावी. दुकानात उभे राहून घरात साखर आहे की नाही, हे आठवण्याचा प्रसंग आता येत नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर तिच्या फोनमध्ये माझ्या मुलाने लावून दिला आहे. तो वाजला की आई गोळी घेते आणि नातवाचा चेहरा पडद्यावर पाहून मगच झोपते.

काही उपदेशक फोनला सैतानाचे साधन म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. इथ्रो हा मिद्यानाचा याजक होता, इस्राएलाबाहेरचा होता. तरी त्याचा सल्ला परक्याचा म्हणून मोशेने झिडकारला नाही. मात्र इथ्रोनेच त्या सल्ल्याला एक अट जोडली आहे : देवाची तशी आज्ञा असेल तरच हे करावे (वचन 23). मदत बाहेरून यावी, पण ती कोठवर घ्यावयाची हे देवासमोर बसून ठरवावे.

हे ठरवण्यात माझी चूक झाली. ती येथे सांगितलीच पाहिजे.

एके रविवारी रात्री पत्नीने मला आमची यादी उघडून दाखवली. झालेल्या कामांत, गॅसचा सिलिंडर आणि वह्यांची कव्हरे यांच्या मध्ये, एक ओळ होती : ‘बाबांनी माझी गोष्ट ऐकणे’. मुलीने आईच्या फोनवरून ती शुक्रवारी लिहिली होती. शाळेत तिच्या मैत्रिणीने तिच्याशी बोलणे सोडले होते आणि ते तिला मला सांगावयाचे होते. तिने पाहिले होते की यादीत लिहिलेले काम आमच्या घरात होतेच. म्हणून तिनेही लिहिले. आणि मी? शनिवारी बसमध्ये बसून, तुंबलेली यादी साफ करताना, त्या ओळीपुढे न वाचताच ‘झाले’ अशी खूण केली होती.

यंत्राने काही चुकविले नव्हते. त्याने माझा रोजचा वेळ वाचवला होता. तो वाचलेला वेळ मी बातम्या, चित्रफिती आणि नाना गटांतील संदेश पाहत पुन्हा त्याच यंत्राच्या हाती दिला होता. बिलाची रांग संपली. पण माझ्या दारात माझी लेक रांगेत उभी राहिली.

त्या रात्री मी हा अध्याय पुन्हा वाचला. इथ्रोने मोशेला सगळी कामे वाटून टाकावयास सांगितलेली नाहीत. तीन कामे त्याने मोशेकडेच ठेवली आहेत. तीच आपण आईबाप म्हणून स्वतःकडे ठेवू या.

पहिले काम : लोकांच्या वतीने देवासमोर उभे राहणे (वचन 19). प्रार्थनेची वेळ झाल्याची आठवण फोन करील. पण लेकराचे नाव घेऊन देवापुढे रडणे त्याला जमणार नाही. ज्याला आपल्या मुलीचे दुःख ठाऊक नाही, तो तिच्यासाठी कोणती प्रार्थना करणार?

दुसरे काम : कोणत्या मार्गाने चालावे हे शिकवणे (वचन 20). अनुवादाच्या 6व्या अध्यायातही देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्यास सांगितले आहे, आणि त्यासाठीच्या वेळा पाहा : घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. ह्यांतील एकही वेळ खास राखून ठेवलेली नाही. ह्या साध्यासुध्या, रिकाम्या वेळा आहेत. आणि नेमक्या ह्याच वेळी आपला हात फोनकडे जातो.

तिसरे काम : कठीण प्रकरणे ऐकणे (वचन 22). लहान बाबी दहा, पन्नास, शंभर व हजार जणांवरील नायकांनी पाहाव्यात. अवघड ते मोशेकडे यावे. सिलिंडर ही लहान बाब आहे. आठ वर्षांच्या मुलीची तुटलेली मैत्री हे अवघड प्रकरण आहे. मी दोन्हींना एकाच यादीत, एकाच मापाने मोजले.

आणखी एक गोष्ट. मदतनीस कसे असावेत हेही इथ्रो सांगतो : कर्तबगार, देवाचे भय धरणारे, विश्वासू आणि अन्यायाच्या लाभाचा तिटकारा करणारे (वचन 21). फोन कर्तबगार आहे यात शंका नाही. परंतु त्यातील पुष्कळ ॲप जाहिरातींवर चालतात; आपण जितका वेळ पाहत राहू, तितका त्यांचा लाभ. म्हणजे आपला वेळ वाचवणाऱ्या सेवकाच्या शेजारीच वेळ चोरणारा बसला आहे. विश्वासाचेही तसेच. पैसे स्वीकारण्यासाठी युपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. तो मागणारा मनुष्य ठकच समजावा. हे वृद्ध आईवडिलांना अवश्य सांगून ठेवा.

आमच्या घरात आता काय बदलले? फार मोठे काही नाही. संध्याकाळी आठ ते नऊ दोघांचेही फोन स्वयंपाकघरातील फडताळात असतात. पत्नी रात्रपाळीस असेल तेव्हा रुग्णालयाचा किंवा सोलापूरचा फोन आला तरच माझा फोन बाहेर येतो. यादी पूर्वीसारखीच चालू आहे, पण मुलांचे बोलणे तिच्यात लिहावयाचे नाही, असा नियम मुलीनेच केला. त्या रविवारनंतर तिने तिची गोष्ट मला सांगितली खरी, पण लगेच नाही. मला तीन संध्याकाळी नुसते बसून राहावे लागले. चौथ्या दिवशी ती बोलली.

इथ्रो शेवटी म्हणतो की असे केल्यास मोशे टिकाव धरील आणि लोकही शांतीने आपापल्या ठिकाणी जातील. प्रिय वाचकहो, ही शांती बापाने स्वतःसाठी राखून ठेवावयाची नव्हती. ती इतरांच्या घरी पोहोचावयाची होती. आज रात्री आपल्या फोनने आपली किती मिनिटे वाचवली ते पाहा, आणि ती कोणाच्या वाट्याला गेली हे प्रामाणिकपणे देवाला सांगा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आमचे बोलणे ऐकण्यास कधी थकत नाहीस. जी साधने तू आमच्या हाती दिलीस त्यांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. त्यांनी वाचवलेला वेळ आमच्या लेकरांना देण्याची बुद्धी आम्हांस दे. आम्ही न वाचताच ज्यांवर खूण केली, त्या सर्व हाकांची आम्हांस क्षमा कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.