संहिता, माहिती आणि संशयाची रेघ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेघ आढळते. हस्तलिखितांच्या पुराव्यावरून जो पाठ निःशंकपणे ठरविता येत नाही, तो स्वीकारताना संपादकाने दिलेली ती खूण होय. 1919 साली आरंभ झालेल्या आणि 1966 साली संहितेपुरत्या पूर्णत्वास गेलेल्या या प्रकल्पाची पद्धती विष्णु सीताराम सुखठणकर यांनी 1933 साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत विशद केली. पृष्ठाच्या वरच्या भागात निर्णय आणि खालच्या भागात त्या निर्णयाविरुद्ध जाऊ शकणारा पुरावा, अशी ही रचना आहे. संपादकाचे मत अमान्य करण्याची साधने संपादकानेच वाचकाच्या हाती ठेवावीत, हे तिच्यामागील नैतिक तत्त्व म्हणता येईल.

संगणकीय माध्यमात संहितेचे ‘माहिती’त रूपांतर होते, तेव्हा या तत्त्वाचे काय होते, हा प्रस्तुत प्रश्न आहे. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली मांडलेल्या संप्रेषणाच्या गणिती उपपत्तीत संदेशाच्या अर्थाचा विचार हेतुपुरस्सर बाजूस ठेवलेला आहे. तारयंत्रातून संदेश बिनचूक पोहोचविणे एवढाच जेथे प्रश्न असतो, तेथे ही मर्यादा योग्यच ठरते. परंतु संहिता म्हणजे चिन्हांची एक बिनचूक ओळ, ही कल्पना अभियांत्रिकीतून साहित्यव्यवहारात आली, की ‘बिनचूक’ आणि ‘विश्वसनीय’ हे दोन शब्द समानार्थी भासू लागतात.

क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी महाभारताची संहिता संगणकावर उतरविली व केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तिचे संशोधन केले. या परिश्रमाचे मोल वादातीत आहे. पूर्वी ज्या शब्दाच्या शोधात अभ्यासकाचे महिने जात, तो आता क्षणार्धात सापडतो. तथापि तोकुनागांनी उतरविली ती स्वीकृत संहिता. तळटिपांतील पाठभेदांचे भांडार त्यांच्या प्रतीत आले नाही. निव्वळ अक्षरांच्या ओळीत नागमोडी रेघेलाही स्थान नसते. परिणामी जो शब्द संपादकाला संशयास्पद वाटला होता आणि ज्याविषयी त्याला पूर्ण खात्री होती, ते दोन्ही वाचकासमोर सारख्याच निश्चयाने उभे राहतात. यात असत्य कोणीच बोललेले नसते. तरीही वाचकाची फसगत होते.

नक्कल करणे ही केवळ यांत्रिक क्रिया नव्हे, याची जाण मराठी परंपरेला पूर्वीपासून आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये, असेही बजावले. येथे लेखनिक हा उत्तरदायी मानला गेला आहे. 1909 साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली, तेव्हा तिच्या प्रामाण्याविषयी वाद घालता आला. कारण ती कोणती प्रत आहे याविषयी एक दावा समोर होता. याउलट कोणत्या आवृत्तीवरून घेतली हे न सांगता फिरणाऱ्या संगणकीय प्रतीशी वादच घालता येत नाही. तिच्यात नकलेच्या चुका नसतील, पण तिच्यामागे साक्षीदारही नसतो.

हा दोष तंत्राचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. 1987 साली सुरू झालेल्या संहिता-संकेतन उपक्रमाने 1994 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक नियमांत पाठभेद, त्यांचे आधार आणि संपादकाचा संशय नोंदविण्याची सोय आहे. कागदी पृष्ठाच्या तळाशी जे मावत नाही, तेही संगणकात मावते. तेव्हा पाठभेद गळतात ते जागेअभावी नव्हे; ते उतरविण्याचे श्रम अनावश्यक मानले जातात म्हणून. प्रश्न क्षमतेचा नसून कर्तव्याचा आहे, तो या अर्थाने.

संहितासमूहांवर पोसलेली भाषा-प्रतिमाने आज प्रश्नाला उत्तर म्हणून सलग, सफाईदार गद्य देतात. यामुळे या कर्तव्याची निकड वाढली आहे. ज्या संहितेतून संशयाच्या खुणा आधीच पुसल्या गेल्या आहेत, तिच्यावर आधारलेल्या उत्तरात त्या परत येण्याचा संभव नाही. वाचकाला उत्तर मिळते. त्या उत्तराशी असहमत होण्याचा आधार मिळत नाही. आणि ज्ञानव्यवहारात असहमतीचा आधार नाकारला जाणे म्हणजे वाचकाला केवळ ग्राहक मानणे होय.

म्हणून जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रती सिद्ध करणाऱ्या संस्थांनी, आणि त्या प्रतींवरून प्रबंध लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही, आधारभूत आवृत्ती कोणती, तिच्यातील काय वगळले आणि कोठे निर्णय संदिग्ध राहिला, हे नोंदविणे हा संहितेचाच भाग मानला पाहिजे. सुखठणकरांच्या पिढीने ही नोंद शिशाच्या खिळ्यांच्या काळात, अधिक कष्टाने केली होती. साधने सुलभ झाल्यामुळे ती जबाबदारी हलकी झाली असे नव्हे; ती टाळण्याची सबब मात्र उरलेली नाही.