पालवणकर बाळू आणि विस्मरणाची कारणे

पालवणकर बाळू हे भारताचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. डावऱ्या हाताने संथ गोलंदाजी करणाऱ्या बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी मिळवले आणि प्रत्येक बळीसाठी सरासरी अवघ्या १५.२१ धावा दिल्या. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते प्रमुख गोलंदाज होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात मुंबईत काँग्रेसचे उमेदवार होते तेही बाळूच. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढची कित्येक दशके त्यांचे नाव क्रिकेटच्या जुन्या जाणकारांपुरतेच उरले. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांचे चरित्र तपशिलाने मांडले, तेव्हा अनेक वाचकांना ते प्रथमच कळले. कर्तृत्व कमी पडले म्हणून बाळू मागे पडले असे म्हणता येत नाही. त्यांच्या विस्मरणाची कारणे त्यांच्या आयुष्याच्या घडणीत आहेत, आणि आपला समाज कोणाला कशासाठी लक्षात ठेवतो यातही आहेत.

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातले, चांभार जातीचे. पालवण या गावावरून त्यांचे आडनाव पडले. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने ते पुण्यात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोघे भाऊ त्याच वाटेने आले, आणि चौघेही हिंदू संघातून खेळले. गावगाड्यात या घराला ज्या मैदानावर पाऊलही टाकता आले नसते, त्याचे दार छावणीच्या नोकरीने किलकिले केले. तिथेही बाळू शिरले ते नोकर म्हणूनच.

पुण्यातल्या एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून ते सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. तिथेही खेळपट्टीची निगा राखायची आणि नेट लावायचे, हीच कामे होती. मग कोणीतरी त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले. इंग्रजांचा त्या काळचा नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, या सरावाने बाळू घडले हे नक्की. उत्तम फलंदाजापुढे रोज तासन्तास चेंडू टाकायला मिळणे हे कोणत्याही गोलंदाजाचे भाग्यच. चेंडूची दिशा आणि टप्पा त्यांनी तिथेच कमावला. त्या क्लबात त्यांना एकदाही फलंदाजी करू दिली गेली नाही. गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम आणि फलंदाजी साहेबाची, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. चांभाराच्या मुलाला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात वाद झाला. अखेर घ्यायचे ठरले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात दलित नोकराने आणलेल्या पाण्याने. जेवणाचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे.

हा प्रसंग जातीच्या व्यवहाराचा नेमका नमुना आहे. सामना जिंकण्यासाठी जेवढा स्पर्श अटळ होता तेवढ्याला परवानगी मिळाली आणि बाकीचा विटाळ जिथल्या तिथे राहिला. चेंडूशिवाय खेळ होत नाही म्हणून चेंडूला सूट होती, पण वेगळ्या भांड्यातल्या चहाने खेळाचे काही अडत नव्हते. समाज आपले नियम गरजेपुरते वाकवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. तरीही जे घडले ते क्षुल्लक नव्हते. बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याचा संघ साताऱ्यात गोऱ्यांच्या संघाविरुद्ध जिंकला, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोन टोकांच्या नेत्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले.

१८९६ च्या प्लेगने पुण्यातली अनेक घरे विस्कटली. त्या धामधुमीत पालवणकर मुंबईला आले. बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली आणि थोड्या विरोधानंतर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचे दारही उघडले. पुण्याच्या मानाने मुंबईत बंधने सैल होती. जिमखान्यात हे भाऊ इतरांबरोबर खाऊपिऊ लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदूंच्या या १०९ धावांच्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि संघात शिवरामही होता. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता, त्यामुळे या विजयाकडे राजकीय घटना म्हणूनही पाहिले गेले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकांच्या पत्राने त्यातून वेगळाच बोध घेतला. गोऱ्यांना हरवणारा संघ उभा राहिला तो जातीचा विचार बाजूला ठेवल्यामुळे, मग समाजानेही तेच करावे, असा त्याचा आग्रह होता.

१९०७ पासून मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांची तिरंगी स्पर्धा दरवर्षी होऊ लागली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. रणजी करंडक सुरू होण्याआधीच्या काळात भारतीय क्रिकेटची हीच सर्वांत मोठी स्पर्धा होती आणि बाळू तिचे नायक होते. तिथल्या कामगिरीच्या जोरावर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची आणि शिवरामची निवड झाली. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंह कर्णधार होते. संघ बहुतेक सामने हरला, बाळू मात्र उठून दिसले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी टिपले. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान होता.

इतके असूनही बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. १९१० नंतर दहा वर्षे हा प्रश्न दर हंगामात वर येई आणि दरवेळी उच्चवर्णीय कर्णधार निवडला जाई. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारसभेत सांगितले, की ज्येष्ठता आणि अनुभव पाहता हा मान बाळूंचा होता. त्या काळात हे बोलायला मोठे मन लागे, पण एका माणसाच्या मोठेपणाने निवड समितीचा रिवाज बदलला नाही. १९२० मध्ये पै आजारी पडले आणि कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आमच्यावर अन्याय होत असल्याचे जाहीर निवेदन वृत्तपत्रात दिले. त्याच सुमारास काँग्रेसही अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहन करत होती, त्यामुळे जिमखान्याच्या धुरिणांची कुचंबणा झाली. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पैंनी काही वेळ मैदानाबाहेर जाऊन संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. कारकिर्दीच्या अगदी शेवटी, तेही उसनवारीने, त्यांच्या वाट्याला एवढेच आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले.

बाळूंच्या राजकारणाचे मूळ या खेळाच्या अनुभवात शोधावे लागते. १९३० च्या दशकात दलितांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न पेटला, तेव्हा आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघ मागत होते, तर मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांनी हिंदू महासभेचे मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा स्वीकारल्या. बाळू राजांच्या बाजूने गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणादरम्यान पुणे करार झाला आणि त्यावर बाळूंनीही सही केली. १९३५ मधली आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेतर्फे लढले आणि हरले. १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. लोकप्रिय खेळाडूचे नाव वापरून काँग्रेसने प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा प्रयत्न केला, हे यात दिसतेच. पण बाळूंना निव्वळ प्यादे मानणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. बाहेर चहा पिणारा गोलंदाज, मग जिमखान्यात पंक्तीला बसणारा सहकारी, आणि शेवटी भावाच्या रूपाने कर्णधार, हा प्रवास त्यांनी स्वतः केला होता. हिंदू समाजात राहूनच जागा मिळवता येते, उशिरा का होईना मिळते, या समजुतीला त्यांच्याजवळ अनुभवाचा आधार होता.

त्याच अनुभवाचा दुसरा अर्थही लागतो आणि तो आंबेडकरांच्या भूमिकेजवळ जातो. भारतातला सर्वोत्तम गोलंदाज असूनही ज्याला दहा वर्षे कर्णधारपद नाकारले गेले, त्याची जागा त्याच्या गुणांवर ठरत नव्हती, ती निवड करणाऱ्यांच्या मर्जीवर ठरत होती. १९२० मध्ये जे थोडे मिळाले ते भावांनी खेळणे नाकारल्यावर, म्हणजे संघटित विरोध केल्यावर. असा विरोध प्रत्येक वेळी करता यावा म्हणून हक्क कायद्यात असले पाहिजेत, हा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. पालवणकरांचे चरित्र या दोन्ही निष्कर्षांना पुरावा देते, आणि त्याचे वैचारिक मोल यातच आहे.

विस्मरणाचे कोडेही इथेच सुटू लागते. माणूस मागे उरतो तो त्याची आठवण सांभाळणाऱ्या संस्था आणि समाज असतील तर. क्रिकेटचा लोकप्रिय इतिहास १९३२ च्या पहिल्या कसोटीपासून सुरू होतो आणि बाळू त्याआधीच निवृत्त झाले होते. ज्या स्पर्धेने त्यांना कीर्ती दिली ती धर्मावर आधारलेली होती. १९४० मध्ये गांधीजींनी तिला विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद पडली. धर्माच्या नावाने फाळणी झालेल्या देशाला त्या स्पर्धेचे नायक मिरवणे अवघड होते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाला बाळूंची सही उपयोगी होती, पण जिमखान्यातले कर्णधारपदाचे राजकारण गैरसोयीचे होते. आणि ज्या दलित चळवळीने त्यांना सर्वाधिक जपावे, तिच्या दृष्टीने ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिलेले उमेदवार होते. अशा तीन बाजूंना त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग हवासा आणि उरलेला अडचणीचा वाटला. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले नसते, तर या भावांच्या अनुभवाची त्यांच्याच घरातून आलेली साक्षही उरली नसती.

कला, क्रीडा आणि राजकारण या क्षेत्रांत अल्पपरिचित राहिलेल्या अनेकांच्या बाबतीत असेच घडते. ज्यांचे आयुष्य एका चौकटीत नीट बसते त्यांच्या जयंत्या होतात, आणि दोन चौकटींच्या मध्ये जगलेले दोन्हीकडून गळतात. अशा व्यक्तींची ओळख करून देताना त्यांच्यातला सोयीचा भाग उचलायचा मोह टाळला पाहिजे. बाळूंना केवळ अन्यायग्रस्त खेळाडू म्हणून गौरवले तर त्यांचे राजकारण पुसले जाते. त्यांना केवळ आंबेडकरांचे पराभूत प्रतिस्पर्धी मानले तर १७९ बळी आणि त्यांमागचे कष्ट पुसले जातात. त्यांचा खेळ, त्यांच्यावरचा अन्याय आणि त्यांचा राजकीय निर्णय हे एकाच माणसाचे आहेत. त्या निर्णयाशी मतभेद ठेवूनही त्याचा अनुभव समजून घेता येतो, आणि त्याच्या अनुभवाबद्दल आदर बाळगूनही त्याचा निर्णय तपासता येतो. महाराष्ट्राच्या क्रीडा आणि सामाजिक इतिहासात बाळूंना त्यांच्या कर्तृत्वाला साजेशी जागा द्यायची, तर ती या दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावरच देता येईल.