रोव्हर बाजूला ठेवा, आधी टिपण वाचा

पोरांनो, दार लावून घ्या आणि मोबाइल पिशवीत टाका. आज नवं काही शिकवणार नाही. आज बोलणार आहे, आणि ते कुणाला गोड लागणार नाही.

काल तुमच्यापुढे एका शेताचं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या आकड्यांची आकृती, ठेवलं. आकडे स्वच्छ होते, कागद फाटलेला नव्हता, मोडी नव्हती, उर्दू नव्हती. विचारलं एवढंच, की या पूर्वेकडच्या बांधाची लांबी मीटरमध्ये किती? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘सर, आता रोव्हर आलाय, टिपण कुठं लागतं?’ आणि तुम्ही सगळे हसलात. न येण्याचा मला राग नाही, शिकवायला मी बसलोच आहे. राग त्या हसण्याचा आहे. ज्या कागदावर परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या माणसांची पोटं उभी आहेत, तो कागद आपल्याला वाचता येत नाही, आणि त्याची तुम्हाला लाजही वाटत नाही.

तुम्हाला भूकरमापक व्हायचंय. कुणी आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड केलाय, कुणी सिव्हिलचा डिप्लोमा. भरतीसाठी चालू घडामोडी पाठ आहेत, टायपिंगची प्रमाणपत्रं हातात आहेत, पगाराचा आकडा तर झोपेतही सांगाल. भूमी अभिलेख खात्यात तुमच्यावर शिरस्तेदार असेल, तालुक्याला उपअधीक्षक, जिल्ह्याला अधीक्षक, पुण्यात जमाबंदी आयुक्त. पण बांधावर यांतलं कुणी नसतं. बांधावर तुम्ही असता. तुम्ही जे मोजून आणाल त्यावरच वरच्या सगळ्यांच्या सह्या होतात. सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसाची चूक वरपर्यंत शिक्के घेत जाते आणि शेवटी सरकारी सत्य म्हणून शेतकऱ्याच्या हातात मोजणी नकाशाची क-प्रत होऊन पडते. ही नोकरी लहान आहे असं ज्याला वाटतं, त्याने आत्ताच उठून जावं.

आता तुमच्या रोव्हरबद्दल, उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या त्या काठीबद्दल. यंत्राशी माझं वैर नाही. प्लेन टेबल उन्हात घेऊन फिरणाऱ्या पिढीने जे दोन दिवसांत केलं, ते तुम्ही दोन तासांत कराल, आणि चांगलं कराल. राज्यात 77 कॉर्स स्टेशनं उभी आहेत, त्यांच्याकडून दुरुस्ती मिळाली की काही सेंटिमीटरच्या आत जागा सापडते. पण कुठली जागा? तुम्ही ज्या जागेवर काठी धरून उभे आहात ती. हद्द कुठे असायला हवी, हे रोव्हरला माहीत नाही. ते टिपणाला माहीत आहे, फाळणीला माहीत आहे, गुणाकार बुकाला माहीत आहे. तुम्ही चुकीच्या ठिकाणी उभे राहिलात, तर यंत्र ती चूक सेंटिमीटरपर्यंत अचूक नोंदवून देईल. शिवाय पडद्यावर पक्कं ‘फिक्स’ आलंय की कच्चं ‘फ्लोट’, हेही न बघता बटण दाबणारे तुमच्यात आहेत. लिंबाच्या दाट झाडाखाली, मोबाइलची रेंज नसलेल्या माळावर ‘फ्लोट’वर घेतलेला बिंदू हातभर, कधी त्याहून जास्त सरकतो. पुन्हा थांबायला, पुन्हा घ्यायला तुम्हाला कंटाळा येतो. त्या कंटाळ्याचं भाडं शेतकऱ्याने का भरायचं?

हिशेब करू. वह्या काढा. जुनं टिपण शंकू-साखळीचं. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त, सुमारे 63 सेंटिमीटर. टिपणातला एक आणा चुकीचा वाचलात आणि 200 मीटरचा बांध तेवढ्याने सरकवलात, तर सव्वाशे चौरस मीटर जमीन एका भावाकडून दुसऱ्याकडे गेली. सव्वा गुंठा. एका आण्यात. आता दुसरी सवय बघा. 33 फूट म्हणजे 10.06 मीटर. तुम्ही ‘दहा धरा’ म्हणता. वीस साखळ्यांच्या बांधावर त्या ‘धरा’मध्ये सव्वा मीटरच्या आसपास अंतर गळून जातं. तिसरी सवय, गुंठा आणि आर एकच समजायची. आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा 101.17. एकराचे 40 गुंठे, पण आर 40.47. तुम्ही 40 लिहून मोकळे होता आणि म्हातारा शेतकरी विचारतो, ‘साहेब, माझी जमीन कमी कशी भरली?’ तेव्हा त्याला सांगता, ‘कॉम्प्युटरनं काढलंय.’ कॉम्प्युटरने काढलेलं नसतं. तुम्ही घातलेलं असतं.

सप्टेंबर 2025 आठवा. परंडा, भूम, वाशीकडे पाऊस कोसळला, सीना पात्र सोडून वावरात शिरली. पिकं गेली, जनावरं गेली, आणि कित्येक ठिकाणी वरची माती खरवडून खाली मुरूम उघडा पडला. त्या मातीबरोबर बांध गेले. बांधावरची बोर, बाभळ, हद्दीचा दगड, सगळं गेलं. आज तिथे दोन शेजारी एका सपाट उघड्या रानात उभे आहेत आणि दोघांच्याही मनात बांध आहे, पण दोन वेगळ्या जागी. अशा रानात वहिवाट बघून हद्द सांगता येत नाही, कारण बघायला काही उरलेलं नाही. उरलेला आहे फक्त कागद. ज्याला टिपण वाचता येतं तो आधी दूरची शाबूत खूण शोधेल, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, पाणी न पोचलेल्या चढावरचा जुना बुरूज, शेजारच्या नंबरची न हललेली हद्द. तिथून आकडे जोडत तो हरवलेल्या कोपऱ्यापर्यंत येईल. ज्याला टिपण वाचता येत नाही तो त्या रानात रोव्हर हातात घेऊन आंधळाच. तुमचे आईवडील ज्या जिल्ह्यात राहतात त्याच जिल्ह्यात हे घडलंय, आणि तुम्ही विचारता टिपण कुठं लागतं?

लोहारा-उमरग्याकडचं सांगतो. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप झाला आणि सास्तूरसारखी गावं उठून नव्या गावठाणात गेली. शेतजमिनीत गाव वसलं, जुन्या गावठाणात ढिगारे राहिले. त्या भागात मोजणीला जाताना जुनं गावठाण कुठे होतं, नव्यासाठी कुठली जमीन गेली, कुठल्या नंबराचा किती तुकडा उरला, हे कागदावरून समजून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

कागद म्हणजे फक्त सातबारा, असा तुमचा समज आहे. सातबारा हद्द सांगत नाही. तो नाव, क्षेत्र, हक्क सांगतो. हद्दीसाठी टिपण. पोटहिस्से पडले असतील तर फाळणी. क्षेत्र कसं निघालं ते गुणाकार बुकात. मंजूर क्षेत्र आणि आकार आकारबंदात. आणि नीट ऐका, टिपणातली आकृती प्रमाणात काढलेली नसते. तिच्यावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं, आकडे वाचायचे असतात. त्या आकड्यांवरून क्षेत्र काढा आणि गुणाकार बुकाशी, आकारबंदाशी ताडून बघा. जुळत नसेल तर तुमचं वाचन चुकलंय किंवा कागदात चूक आहे. यांतलं कुठलं, हे कचेरीत बसून ठरवायचं असतं. वीस माणसं बांधावर उभी असताना नाही.

आपला मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या जुन्या दप्तरात उर्दू सापडेल, मोडी सापडेल. 1954 चं खासरा पत्रक बघावं लागेल. इनाम जमिनींची गुंतागुंत बघावी लागेल. हे सगळं पहिल्या वर्षी येणार नाही. पण येत नाही म्हणून बाजूला ठेवणं वेगळं आणि येत नाही म्हणून जाणत्या माणसाकडे कागद घेऊन जाणं वेगळं. मोडी वाचणारे लोक अजून आहेत. त्यांच्या दारात जायला तुम्हाला कमीपणा का वाटतो?

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच भरतीच्या पुस्तकात नसते. इंग्रजी राज्याच्या सुरुवातीला, 1830 च्या आसपास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी करून नवा सारा बसवला. त्याचा सिद्धांत अभ्यासपूर्ण होता, विलायतेतलं अर्थशास्त्र त्याने वाचलं होतं. पण खाली साखळी ओढणाऱ्यांनी आणि प्रतवारी लिहिणाऱ्यांनी आळस केला, पैसे खाल्ले, आकडे खोटे भरले. त्या आकड्यांवर सारा बसला. इंदापूरकडची कुटुंबं पिकती रानं टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. पुढे 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरातच काम नव्याने सुरू करावं लागलं, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. इंदापूर परंड्यापासून फार लांब नाही. सिद्धांत मांडणारा साहेब होता, पण तो सिद्धांत बुडवला तुमच्या पायरीवरच्या माणसांनी. तुमच्या पायरीला एवढी ताकद आहे. गावं उठवायची ताकद.

आता वागणुकीचं. मोजणीची तारीख पडली की अर्जदाराला आणि लगतच्या कब्जेदारांना नोटीस गेली पाहिजे. ‘पोस्टानं पाठवली होती’ म्हणून हात झटकायचे नाहीत. गेली का, मिळाली का, हे बघायचं. ज्याने फी भरली तो तुमचा मालक नाही. शेजाऱ्याचंही तेवढंच ऐकायचं, कारण अर्जदाराची हद्द म्हणजे त्याचीही हद्द. दोन हेक्टरपर्यंतच्या साध्या मोजणीला गावाकडचा माणूस 2000 रुपये भरतो, घाईची असेल तर 8000. हा पैसा सोयाबीन विकून आलेला असतो. त्याच्या वर काही मागणारा माणूस माझ्या वर्गातून गेला असं मला कळलं, तर त्याचं नाव मी पुन्हा तोंडात घेणार नाही. जेवण, पेट्रोल, ‘खुशीनं दिलं’, ही सगळी एकाच रोगाची नावं आहेत. ज्याचं खाल्लं, त्याच्या बाजूला खूण सरकते. सरकवायची नसली तरी सरकते, कारण मग समोरच्याचं खरं बोलणंही तुम्हाला भांडण वाटायला लागतं.

एकत्र कुटुंबातल्या पोटहिश्श्याच्या मोजणीची फी आता 200 रुपयांवर आली आहे. म्हणजे भावाभावांच्या वाटण्या तुमच्याकडेच येणार, तुम्ही नवे असतानाच येणार. त्या वेळी बांधावर बोलणारा एक भाऊ असतो आणि गप्प असणारा दुसरा. कधी सातबाऱ्यावर नाव असलेली बहीण मागे झाडाखाली उभी असते आणि तिला कुणी पुढे बोलावत नाही. तुम्ही बोलवा. जबाब तिचाही घ्या. विधवा वहिनीला नकाशा समजत नसेल तर तिच्या भाषेत दोनदा सांगा. ‘सही करा’ म्हणून कागद पुढे सरकवणं म्हणजे समजावणं नव्हे.

आणि आपली मर्यादा ओळखा. तुम्ही हद्द दाखवता, खुणा देता. वहिवाट कागदापेक्षा वेगळी असेल तर नकाशात तीही दाखवता. ताबा देणं तुमचं काम नाही. ‘उद्यापासून इथवर नांगरा’ असं बोलून निघून जाणाऱ्याच्या मागे कुऱ्हाडी निघालेल्या आहेत. ज्याला मोजणी मान्य नाही त्याला निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, रस्ता आहे, हे तुम्हीच सांगायचं, तोंडाने, सगळ्यांसमोर. आपली मोजणी कुणी वर तपासेल या भीतीने हे लपवणारा माणूस स्वतःच सांगतो की त्याला स्वतःच्या कामाची खात्री नाही.

तुमच्यातले बरेचजण शेतकऱ्यांची पोरं आहेत. बांधाच्या वादात गेलेल्या तारखा तुमच्या घराने पाहिल्या असतील. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, वकिलाच्या फीत जमिनीच्या किमतीएवढा पैसा जातो आणि सख्खे चुलते एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. त्या वादाच्या मुळाशी कधी लोभ असतो. आणि कधी कुणीतरी एका दुपारी कंटाळून, न वाचता, अंदाजाने रोवलेली खूण असते. लोभाला तुम्ही आवर घालू शकत नाही. ती दुसरी गोष्ट मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, म्हणून मी आज एवढा चिडलोय. तुम्ही हुशार नसता तर चिडलो नसतो.

आता काय करायचं ते लिहून घ्या. सोमवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका नंबराचं टिपण, फाळणी असेल तर ती, आणि गुणाकार बुकाचा उतारा रीतसर नक्कल फी भरून काढायचा. आकडे मीटरमध्ये बदलायचे, 33 फुटांची साखळी 10.06 धरूनच. क्षेत्र काढायचं, आकारबंदाशी ताडायचं, फरक आला तर का आला ते एका पानावर मराठीत लिहायचं. मग त्या शेतात पायी जायचं, रोव्हर न घेता, आणि टिपणातल्या किती खुणा अजून जागेवर आहेत ते शेजाऱ्यांना विचारून नोंदवायचं. ज्याचं गाव पुरात सापडलं त्याने हे आधी करायचं, कारण तिथे लोकांना तुमची गरज उद्या नाही, आज आहे. ज्याला हे जड वाटतं, त्याने भरतीचा अर्ज दुसऱ्या पदासाठी भरावा. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकाऊपणा करायचा हक्क कुणालाच नाही.