अजाणता मिळालेला नफा

आज एक अवघड प्रश्न आपणापुढे ठेवावासा वाटतो. एखाद्या भल्या गृहस्थाने आपल्या संस्थेला मोठी रक्कम दिली; आपण ती अनाथ बालकांच्या अन्नवस्त्रासाठी खर्च केली; आणि पुढे कळले की ती दुसऱ्या कोणाला फसवून आणलेली होती. चोरी आपण केली नाही. चोरी झाल्याचे आपणांस ठाऊकही नव्हते. मग ती रक्कम कोणाची?

हा प्रश्न कल्पनेतला नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन बेनेट या गृहस्थांनी १९८९ साली ‘न्यू एरा’ नावाची परोपकारी संस्था स्थापन केली. ते भाविक ख्रिस्ती म्हणून ओळखले जात. त्यांचे सांगणे असे, की आपले नाव गुप्त ठेवू इच्छिणारे काही धनिक दाते आहेत. तुम्ही आपली रक्कम सहा महिने आमच्याकडे ठेवा, म्हणजे हे दाते तितकीच भर घालतील. पहिल्या संस्थांना पैसा खरोखरच दुप्पट होऊन मिळाला. त्यांनी देवाचे आभार मानले व आपल्या स्नेह्यांना ही वार्ता कळवली. पाहता पाहता ख्रिस्ती महाविद्यालये, मिशनरी संस्था व उदार दाते यांच्याकडून ५० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली.

परंतु ते गुप्त दाते कोठेच नव्हते. मागून येणाऱ्याचा पैसा पुढच्याच्या हाती ‘आशीर्वाद’ म्हणून पडत होता. मिशिगन राज्यातील स्प्रिंग आर्बर महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवणारे अल्बर्ट मेयर यांना हा व्यवहार संशयास्पद वाटला. वरिष्ठांनी त्यांच्या शंकेस महत्त्व दिले नाही, तरी त्यांनी चिकाटीने कागदपत्रे तपासली व आपले निष्कर्ष सरकारी अधिकाऱ्यांना कळवले. मे १९९५ मध्ये न्यू एराचे दिवाळे निघाले. सुमारे १३ कोटी ५० लाख डॉलर बुडाले. १९९७ साली बेनेट यांना १२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ठकाला शिक्षा झाली, तरी आपला प्रश्न उरतोच. कारण ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याप्रमाणेच, ज्यांना आधीच दुप्पट मिळाले होते त्यांतही पुष्कळ ख्रिस्ती संस्था होत्या. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. आम्ही निष्कपटपणे घेतले. पैसा सत्कार्यात खर्च झाला. आता तो आणावा कोठून?

पवित्र शास्त्रात परतफेडीचे उदाहरण म्हणून आपण सहसा जक्कयाकडे पाहतो. परंतु जक्कय स्वतः अन्यायाने घेणारा होता. या संस्थांची स्थिती दावीद राजाच्या जवळची आहे. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावे असे त्याला वाटले, आणि तीन वीरांनी पलिष्ट्यांच्या छावणीतून प्राणावर उदार होऊन ते आणले. दाविदाने कोणाला जाण्याची आज्ञा केली नव्हती. तरीही ते पाणी त्याच्या ओठांपर्यंत गेले नाही. त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. त्या पाण्याची किंमत दुसऱ्यांच्या प्राणाने मोजली जाणार होती, हे कळल्यावर तहान हे ते पिण्याचे कारण होऊ शकले नाही.

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. अज्ञानामुळे घेण्याचा दोष सौम्य होतो. ज्ञान झाल्यावर ठेवून घेण्याचा दोष मात्र पूर्णपणे आपला असतो. आणि कार्य पवित्र आहे म्हणून शेजाऱ्याचा पैसा आपला होत नाही. पुष्कळ संस्थांनी हे ओळखले. त्यांनी एकत्र येऊन मिळालेला नफा परत करण्याचे मान्य केले. त्यामागे न्यायालयाचा धाक मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही. तथापि कित्येकांनी विवेकाचे ऐकले, आणि बुडालेल्यांना आपल्या रकमेचा मोठा भाग परत मिळाला.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या हिशेबाच्या वहीत एवढ्या मोठ्या रकमा नसतील. पण पुढील सभेत एखादा बंधू उठून “हा पैसा कोठून आला?” असे विचारील, तेव्हा त्याला अल्पविश्वासी म्हणून खाली बसवू नका. त्याचा प्रश्न कदाचित अशा एखाद्या शेजाऱ्याच्या वतीने असेल, ज्याचा चेहरा आपण अद्याप पाहिलेला नाही.