टीव्हीवरचं दर्शन आणि खालची पट्टी

आजचं वाचन : गीता, अध्याय १८, श्लोक ७४ ते ७७



खरं तर क्रमाने आपला सोळावा अध्याय चालू होता. पण काल रात्री ड्यूटीवरून परत येताना लोकलमध्ये हे शेवटाकडचे चार श्लोक डोक्यातून जाईनात, म्हणून आज थेट अठराव्यात उडी मारतेय. सोळावा उद्या पुढे चालू. रागावू नका.

गणपतीचा आठवा दिवस आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये की मी एका मराठी न्यूज चॅनलमध्ये काम करते. पॅनल प्रोड्यूसर. म्हणजे पडद्यावर मी कधीच दिसत नाही, पण पडद्यावर आत्ता काय दिसणार हे त्या त्या क्षणी सांगणाऱ्यांपैकी मी एक. आमच्यासाठी हे दहा-अकरा दिवस म्हणजे वर्षाची परीक्षा. त्यामुळे आजचं चिंतन थोडं घरचं आणि थोडं ऑफिसचं आहे.

आधी श्लोक. अर्जुनाने सांगून टाकलंय की माझा मोह गेला, आता तू म्हणतोस तसं करतो. कृष्ण-अर्जुनाचं बोलणं तिथे संपलं. आणि मग कॅमेरा मागे यावा तसा संजय बोलायला लागतो. व्यासांच्या कृपेने हा संवाद मला ऐकायला मिळाला, तो आठवतो तेव्हा पुन्हा पुन्हा आनंद होतो, आणि हरीचं ते रूप आठवतं तेव्हा तर आश्चर्य मावत नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव.

संजय म्हणजे जगातला पहिला लाइव्ह रिपोर्टर, हा विनोद तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. आमच्या न्यूजरूममध्ये तर तो आमचा कुलपुरुषच. मीही हा विनोद बरीच वर्षं करत होते. मग एकदा भीष्मपर्व सलग वाचायला घेतलं आणि गंमत कळली. गीता लाइव्ह नाहीये! युद्धाचे दहा दिवस होऊन गेलेत, भीष्म पडलेत, आणि ती बातमी घेऊन संजय रणांगणावरून हस्तिनापुरात आलाय. धृतराष्ट्र कोसळतो, मग सावरतो, आणि विचारतो की पहिल्यापासून सांग. तेव्हा कुठे गीता सुरू होते. म्हणजे संजय जे सांगतोय ते सगळं आठवून सांगतोय. शेवटच्या श्लोकांत ‘आठवून आठवून’ येतं ते उगाच नाही. कृष्णाचं रूप समोर नाहीये आता. तरीही अंगावर काटा येतोय त्याच्या.

आणि ऐकणारा कोण? धृतराष्ट्र. युद्धाआधी व्यासांनी त्यालाच विचारलं होतं, बघायचंय का, दृष्टी देतो. तो नको म्हणाला. आपल्याच माणसांचा संहार बघवणार नाही म्हणाला, नुसतं ऐकेन. मग ती दृष्टी संजयला मिळाली. त्या धृतराष्ट्राच्या वाट्याला सातशे श्लोकांत एकच श्लोक आलाय, अगदी पहिला. त्यातला त्याचा प्रश्न काय, तर माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? त्यानंतर अठरा अध्याय तो गप्प. विश्वरूप ऐकून झालं, भक्ती, ज्ञान, संन्यास सगळं ऐकून झालं. एक शब्द नाही. ज्या संवादाने संजय थरारून गेला, तोच संवाद धृतराष्ट्राच्या कानावरून गेला.

हे वाचलं की मला आमचं रनडाऊन आठवतं.

गणपतीतलं आमचं रनडाऊन दर वर्षी जवळपास सारखंच असतं, मी झोपेतही सांगू शकेन. आदल्या दिवशी दादरचं फुलमार्केट, झेंडू कितीला, जास्वंद कितीला. पहिल्या दिवशी नेत्यांच्या आणि कलाकारांच्या घरचे गणपती. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचं विसर्जन. मग मोठी मंडळं. लालबागला लोक किती तास रांगेत उभे आहेत. किंग्ज सर्कलच्या जीएसबीचं सोनं किती. पाच दिवस झाले की पुण्याचे देखावे, हलते, जिवंत, विद्युत रोषणाईचे. शेवटी अनंत चतुर्दशी, गिरगाव चौपाटी, लक्ष्मी रोड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालणारं लाइव्ह. या सगळ्यात आम्ही विचारतो काय? कोण आलं, किती आले, किती तास, किती किलो, किती फूट. धृतराष्ट्राचाच प्रश्न झाला हा. माझ्यांनी काय केलं आणि पलीकडच्यांनी काय केलं.

लगेच टाळ्या वाजवू नका, टीव्हीवाल्यांना नावं ठेवणं हा फार सोपा उद्योग आहे. २०२० साल आठवा. त्या वर्षी लालबागच्या मंडळाने मूर्तीच बसवली नव्हती, आरोग्योत्सव केला, रक्तदान केलं. बाकी मंडळांच्या मूर्ती चार फुटांच्या आत. बाहेर पडायची सोय नाही. तेव्हा कितीतरी घरांत देव पोचला तो स्क्रीनवरूनच. आणि दर वर्षी लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळ्याला अग्निशमन दलासमोर येते, बंबांचे सायरन वाजतात, जवान सलामी देतात. ते दृश्य आलं की आमच्या पीसीआरमध्ये, जिथे एरवी नुसती आरडाओरड असते, तिथे पाच सेकंद कोणी बोलत नाही. इतकी वर्षं बघतेय मी. त्यामुळे कॅमेऱ्यातून देव भेटतच नाही, असं मी म्हणणार नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगते. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत टाळलंय.

माझे बाबा लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा गिरणीत, बाबा पुढे बेस्टमध्ये कंडक्टर. डोंबिवलीला राहायला आल्यावरही गणपतीत एक रात्र ते रांगेत काढणारच. लालबागला दोन रांगा असतात हे तुम्हाला माहितीये, नवसाची आणि मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेत थेट पायांवर डोकं ठेवता येतं, मुखदर्शन लांबून. बाबा नवसाच्याच रांगेत लागायचे, नवस नसला तरी. ‘तोंड काय, सगळेच बघतात. पायाशी जायला पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आमचा घरचा गणपती गावाला काकांकडे, तिथवरचा प्रवास आता झेपत नाही. तेव्हापासून त्यांचा गणपती म्हणजे आमचा टीव्ही. आणि चॅनल अर्थातच लेकीचं.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी शहरातल्या एका मोठ्या मंडळातून आम्ही आरती लाइव्ह घेत होतो. आरतीला रंग चढलेला, फ्रेम सुंदर. तेवढ्यात गेटवरच्या रिपोर्टरचा फोन आला की एक अभिनेत्री पोचतेय, गाडी वळलीये. दुसऱ्या चॅनलवर ती आधी दिसली असती तर? हा प्रश्न आमच्याकडे विचारावा लागत नाही, तो हवेतच असतो. मी टॉकबॅकवर म्हटलं, ‘आरती सोड, गेटवर जा.’ मुलाने बटण दाबलं. गाडीची काच, बॉडीगार्ड, धक्काबुक्की, साडीचा रंग. मग ब्रेक. आरतीकडे आम्ही परत गेलोच नाही. त्या रात्री मला त्याचं काही वाटलंही नाही. उलट आमचं फुटेज सगळ्यांच्या आधी गेलं म्हणून चहा झाला.

घरी आले तेव्हा आई जागी होती. म्हणाली, ‘अगं, तुमच्या लोकांनी आज आरती मध्येच तोडली. ह्यांनी हात जोडायला म्हणून डावा हात वर धरला होता. ते गाडी-बिडी चालू झालं तरी धरूनच होते. साबणाची जाहिरात लागली तेव्हा मी हळूच खाली घेतला.’

‘तुमच्या लोकांनी,’ असं ती म्हणाली. मी ‘हो ना’ म्हटलं आणि जेवायला बसले.

तो ‘हो ना’ माझ्या घशात वर्षभर अडकलाय. कट सांगणं हे माझं कामच आहे. पण ‘आमचे लोक’ म्हणून मी त्यात लपले, हे खरं. मी गीता वाचते, तुम्हाला रोज सकाळी चार शब्द सांगते, आणि घरात एवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

परवा बोलले. बाबांना चहा भरवत होते, टीव्हीवर देखावे चालू होते. म्हटलं, ‘बाबा, मागच्या वर्षी ती आरती मीच तोडली होती.’ त्यांना कळायला थोडा वेळ लागला. की कळलं होतं आणि शब्द जुळवायला वेळ लागला, माहीत नाही. मग म्हणाले, ‘मला... दिसत होता की.’

म्हटलं, काय दिसत होतं? गाडी?

त्यांनी मान हलवली. कपाळावर बोट टेकवलं. मग एकेक शब्द काढत सांगायला लागले. रांगेतली पहाट, पुढच्या माणसाच्या पिशवीतल्या नारळाचा वास, अनवाणी पायांना लागणारा ओला रस्ता, शेवटच्या वळणावर एकदम येणारा उजेड. आणि मग पाय. थंड असतात, म्हणाले. कार्यकर्ता मानेला धरून उठवतो, तेवढ्या वेळात कपाळाला जो गारवा लागतो तो. हे सगळं सांगायला त्यांना वीसेक मिनिटं लागली असतील. चहा गार झाला. त्यांचे डोळे भरलेले, आणि तोंडावर हसू.

मी संजयचे श्लोक पाठ केले होते. पुन्हा पुन्हा आठवून हर्ष होणं म्हणजे काय, ते मला आमच्या हॉलमध्ये दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे टीव्हीने आरती तोडली तरी बिघडलं नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि बरं वाटलं. पण बाबांकडे आठवायला काहीतरी आहे, कारण ते चाळीस वर्षं पायांशी गेलेत. माझ्याकडे काय आहे? गणपतीत मी रोज बारा तास बारा फीड समोर ठेवून बसते. सगळ्या मोठ्या मूर्ती एकाच भिंतीवर, एवढं दर्शन कुणाला मिळतं सांगा! आणि डोळे मिटले तर मला रनडाऊन दिसतं. धृतराष्ट्राला निदान डोळे नव्हते.

आणि ज्या पोरांनी गणपती फक्त आमच्या कॅमेऱ्यातूनच पाहिलाय, परदेशात आहेत, हॉस्टेलवर आहेत, त्यांना उद्या काय आठवणार? आपण ठेवू तेच ना. साडीचा रंग ठेवला तर साडीचा रंग.

बाबांचं अजून एक राहिलं. सगळं बोलून झाल्यावर ते टीव्हीकडे बघून म्हणाले, ‘ती पट्टी... काढा. पाय दिसत नाहीत.’

मी उठून स्क्रीनकडे नीट बघितलं. खरंच! खाली आमचा टिकर, त्याच्यावर ब्रेकिंगचा बँड, कडेने जाहिरातीचा एल. मूर्ती गुडघ्यांपासून वर. इतकी वर्षं मी हे चॅनल चालवतेय आणि आमच्या एकाही लाइव्हमध्ये देवाचे पाय दिसत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लोक ज्या पायांसाठी रात्र रात्र उभे राहतात, नेमकी तीच जागा आम्ही ‘वाहतुकीत बदल’ आणि सोन्याच्या भावाला दिलीये.

काल मीटिंगमध्ये विषय काढला. आरती चालू असताना खालचं सगळं ग्राफिक काढूया का, आणि आरती तोडायची नाही, गेटवर कोणी आलं तर रेकॉर्ड करून नंतर चालवूया. आधी सगळे हसले. एक जण म्हणाला, ‘ब्लॉगवाल्या ताईंनी आता पीसीआरमध्ये कीर्तन लावलंय.’ मलाही हसू आलं. जाहिरातीच्या पट्टीचे पैसे घेतलेले असतात, ती काढणं माझ्या हातात नाही, आणि तो मुद्दा खोटा नाहीये, त्याच पैशातून माझाही पगार होतो. पण आमचे आउटपुटचे सर जरा वेळाने माझ्याजवळ आले. त्यांची आई गेल्या वर्षी गेली, तीही शेवटी टीव्हीवरच दर्शन घ्यायची. म्हणाले, ‘दोन मिनिटं. जाहिरात बुक नसेल त्या स्लॉटला. गेटवर कोण येतंय ते मी बघतो.’

ग्राफिक्सच्या मुलाला मी सांगून ठेवलंय. कॅमेरामनलाही फोन केला की फ्रेम जरा खाली घे. तो म्हणाला, ‘मॅडम, मी दर वर्षी खालपर्यंतच घेतो, तुम्हीच झाकता.’

आज साडेसातची आरती. पॅनलवर मीच आहे. बाबांना काही बोलले नाहीये, आईला मात्र बजावलंय की साडेसातला चॅनल बदलू नकोस, आणि त्यांची खुर्ची थोडी पुढे घे.

राम कृष्ण हरी. उद्या सोळावा, जिथे थांबलो होतो तिथून.